चष्म्यात न दिसलेला दगड

ये बाई, अशी जवळ सरक. पुण्यात बसून काय जवळ सरकणार म्हणा, पण तो मोबाइल जरा पालथा ठेव, कानातली ती पांढरी बोंडं काढ, आणि काकू काय म्हणते ते ऐक. मी रागावलेली आहे तुझ्यावर. फार नाही, थोडी. तुझ्या आईचा तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला ना, शाळेतल्या खुर्चीत बसलेली, डोळ्यांवर काळा डबा बांधलेला, मान हळूहळू इकडून तिकडे फिरवून राहिली, आणि मागे कोणीतरी खी-खी करून राहिलं, त्यावर तू काय पाठवलंस? हसून हसून रडणारे पिवळे चेहरे. वर आणखी, "आई आता गेम खेळायला लागली वाटतं!"

तिनं पाहिलं ते. अक्षरं तिला लागत नाहीत, पण पिवळे चेहरे सगळ्यांना वाचता येतात बाई. भाकरी थापत होती, ती थापत राहिली. मग परवा संध्याकाळी मला, तिच्या धाकट्या जावेला, म्हणाली, "लायने, तूच सांग तिले. माह्यानं होत नाई."

म्हणून सांगून राहिले. तुला माहीत नव्हतं, त्यात तुझा काही दोष नाही. आमच्या घरात कोणालाच कोणी सांगितलं नव्हतं.

जुन्या गावातून नदीकडे उतरताना आपल्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जी पडीक होती, ती तुला आठवत असेल. लहानपणी तिथे तू बोरं वेचायला जायचीस. काळ्या दगडांचे मोठमोठे गोल होते तिथे, बैलं फिरवायला खळं करतात तसे. आपल्याकडे त्याला राकेसाचं खळं म्हणत. सासूबाई सांगायच्या, राक्षस रातोरात ज्वारी मळत होते, कोंबडा आरवला तसे पळाले, दगड तेवढे राहिले. नांगर लागत नव्हता म्हणून तिथे कोणी कधी पेरलं नाही. गुरं बसायची. आणि गावात एखादं तान्हं लेकरू गेलं तर त्याला तिथेच, खळ्याबाहेरच्या कडेला, नेत. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात, हे तुला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं.

तुझ्या आधी तुझ्या आईला एक पोरगी झाली होती.

बारसंही झालं नव्हतं. मी तेव्हा या घरात आलेली नव्हते, पण पुढे सासूबाईंच्या तोंडून अर्धंमुर्धं ऐकलं. सासरे आणि तुझे बाबा फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, तेव्हा तुझी आई घरातच. कुठे नेलं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. असलं विचारायची रीत नव्हती. कितीतरी दिवसांनी कापूस वेचताना सासरे धुऱ्यावर बिडी पेटवायला बसले, आणि कोणाकडेच न पाहता म्हणाले, "त्या पळसाच्या बुडाशी हाये." एवढंच. उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं नदीतून एक चपटा दगड आणला, वेचणीच्या ओटीत घालून, कापसाखाली झाकून, आणि तिथे ठेवला.

माझ्या ध्यानात आलं ते सीतादहीच्या दिवशी. मी नवीन नवरी. कापसाची पहिली वेचणी होती. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आपण दर साल दाखवतो तसा, आणि सगळ्या जणी वेचायला लागल्या. तुझी आई मुठीत काहीतरी घेऊन धुऱ्यापलीकडे गेली. मला वाटलं, बाहेर गेली असेल. परत आली तेव्हा मूठ रिकामी. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. दहीभाताची चिमूट ती त्या दगडापाशी ठेवायची. मी म्हटलं, "बाई, मले काहून नाई सांगतलं?" तर म्हणे, "तुले सांगून ते उठून थोडी येते."

त्या दगडावर बोरीच्या काट्या असत. जनावरानं उकरू नये म्हणून टाकतात. त्या दर साली नव्या दिसत. तिला वाटे, सासरे टाकत असतील. सासरे गेले तरी काट्या नव्याच. मग आम्ही दोघी मनात धरून चाललो की एखादा गुराखी टाकत असेल, त्याचंही कोणी असेल तिथे.

असं ते चाललं होतं. मग धरणाचं पक्कं झालं. गाव उठणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की खरं वाटणंच बंद झालं होतं, आणि मग एकदम ट्रॅक्टर लागले. जो तो आपापलं सोडवून घेऊन राहिला होता. कोणी दाराची चौकट काढली, कोणी जातं उचललं, मारुतीलासुद्धा ट्रॉलीत बसवून नव्या गावात आणलं, त्याच्यावर छत्री धरून. तुझ्या आईची ती वीतभर जागा मात्र ट्रॉलीत घालता येत नव्हती. मी एकदा म्हटलं, दगड तरी आणू. म्हणाली, "दगड आणून काय करू? तिले तठीच ठेवून दगड आणू?"

त्याच साली होळीच्या सुमारास सरपंचांनी सांगितलं, मोठ्या कॉलेजातली माणसं येणार आहेत. खळ्याचं पाणी व्हायच्या आत त्याचं सगळं मोजून, टिपून कॉम्प्युटरमध्ये ठेवणार. मग पाणी आलं तरी चष्मा लावून कोणालाही ते पाहता येईल, अगदी चालत फिरता येईल. सरपंच म्हणाले, "सारं जग पाहीन आपलं खळं!"

बस. जग पाहणार म्हटल्यावर आपल्या बाया थांबतात का? बचत गटाची बैठक त्याच दुपारी. पाहुणे आपलं घर पाहायला आले की आपण काय करतो? तेच केलं. झाडून पालाकाडी काढली. गुरांनी बसून घाण केली होती ती उचलली. शेणाचा सडा टाकला, गोलाच्या आतली जमीन सारवली. दगड काळेकुट्ट दिसतात म्हणून त्यांना चुना फासला, वर गेरूचा पट्टा ओढला. सर्वांत मोठ्या दगडाला शेंदूर. मधोमध रांगोळी, मोराची, आणि चारी बाजूंनी हळदी-कुंकू. मी पण होते त्यात, रांगोळी मीच काढली, कशाला लपवू. मोर चांगला जमला होता.

चुन्याचा कुंचा घेऊन एक जण पळसाकडे निघाली तशी तुझी आई आडवी उभी राहिली.

"तो राहू दे."

"काहून?"

"तो खळ्यातला नाई."

दुसऱ्या दिवशी जीप आली. मोठी म्याडम उतरली. मोठी म्हणजे कामानं मोठी, वयानं तुझ्याएवढीच असेल, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिनं खळ्याकडे पाहिलं आणि धुऱ्यावर बसूनच गेली.

"कसं काय म्याडम? एकदम चकाचक!" सरपंच म्हणाले.

"कोणी केलं हे?"

गटाची अध्यक्षीण पदर खोचून पुढे. "आमीच केलं! तुमी येवढ्या दुरून येऊन राह्यले अन् आमी काय उकिरडा दाखवाव?"

"अहो मावशी, आम्हाला ते जसं होतं तसंच हवं होतं."

"मंग हे काल सांगाचं ना वं माय! दिवसभर कंबर मोडली आमची."

म्याडमनं कपाळाला हात लावला, आणि मग हसायलाच लागली, थांबेना. रागावली नाही, हे तिचं मोठेपण. आम्हाला बसवून समजावून सांगितलं. तीन पायांवर उभं राहणारं एक यंत्र होतं त्यांच्याकडे. ते गरगर फिरतं, उजेडाची बारीक रेघ सोडतं, ती रेघ दगडाला लागून परत येते, आणि जिथे लागली तिथे कॉम्प्युटरमध्ये एक ठिपका उमटतो. असे कोट्यवधी ठिपके. रांगोळी तरी दुसरं काय असते? मला ते लगेच कळलं. ठिपक्या-ठिपक्यांतून दगडाची प्रत्येक भेग, प्रत्येक टवका जसाच्या तसा. "पण आता मशीनला दगड दिसणार नाही," ती म्हणाली, "तुमचा चुना दिसेल."

मग तिनं विचारलं, ही जागा काय आहे ठाऊक आहे का? आम्ही म्हटलं, राकेसाचं खळं. ती म्हणाली, राक्षस नव्हेत, माणसंच. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरणारी, घोडे पाळणारी. आपलं माणूस गेलं की ते इथे पुरत, वर गोट्यांचा ढीग रचत आणि भोवती हे दगड मांडत.

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"म्हंजे आमी मसणात सडा टाकला?"

"अन् हळदी-कुंकू!"

"अन् तूनं तं तठी बसून शिदोरी खाल्ली वं, लोणच्यासंग!"

"माय वं! मले कालपासून उगाच मळमळून नाई राह्यलं!"

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "अवं, माणसाईचंच हाये ना? आपल्याच सारखे व्हते बिचारे. सडा टाकला तं काय वाईट केलं?" तेव्हा कुठे बाया सावरल्या.

तुझी आई कशी ऐकत होती ते मी पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, पोर राक्षसांच्या ओसाडीत पडून आहे. ती तर मसणवटीच निघाली. लोकांनी आपापल्या माणसांना प्रेमानं ठेवलेली जागा.

मग धुणं सुरू. नदीवरून गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी आणायचं आणि दगडावर हळूच ओतायचं. घासायचं नाही, हे म्याडमनं हजारदा सांगितलं. भांडी घासणाऱ्या बायांना घासू नका म्हणणं म्हणजे काय ते तूच समज. चुना अजून पक्का धरला नव्हता म्हणून निघाला, भेगांत बसला तो बसलाच. वरून ड्रोन फिरला. त्याला पाहून आपल्या शेजारचे भाऊजी धावत आले, "म्याडम, चाललंच हाये तं माह्या भुईमुगावर फवारा मारून द्या ना!" त्यांना वाटलं, ड्रोन म्हणजे फवारणीचाच.

यंत्र फिरायची वेळ झाली. यंत्रवाला ओरडला, सगळ्यांनी मागे व्हा, कोणी मधे येऊ नका. सगळे मागे झाले. तुझी आई पळसापाशी बसलेली, त्या दगडाला अगदी लागून. पळस फुललेला होता त्या वेळी, लालभडक.

"ओ आजी, उठा तिथून!"

उठली नाही. जणू ऐकूच आलं नाही. म्याडमनं यंत्रवाल्याला हातानं थांबवलं, म्हणाली, बसू दे, आहे तसंच घेऊ. यंत्र फिरलं. तुझी आई हलली नाही, पापणी तरी हलवली की नाही देव जाणे.

काम झाल्यावर म्याडम तिच्याशेजारी येऊन बसली. हुशार पोरगी. म्हणाली, "आजी, हा दगड इथला वाटत नाही. बाकीचे काळे, खडबडीत, आणि हा नदीतला आहे, गुळगुळीत. कोणी आणला असेल?"

"आणला असंल कोणी."

"कधी?"

"काय मालूम."

म्याडमनं काट्यांकडे पाहिलं, तुझ्या आईकडे पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. मी शेजारीच उभी. जीभ नुसती शिवशिवून राहिली होती. पण ते माझं सांगायचं नव्हतं. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, सांगाचं होतं ना वं." तर म्हणाली, "काय सांगू? त्याईचं काम हजारो वर्साच्या लोकाईचं. माहं कालचं."

पाऊसकाळ संपता संपता पाणी आलं. मला वाटायचं, धरणाचं पाणी म्हणजे धो-धो येत असेल. तसं काही नाही. आवाज न करता येतं, रोज थोडं. नव्या गावाच्या टेकाडावरून पळसाचा शेंडा दिसत होता, तुझी आई सकाळी चूळ भरायला बाहेर यायची ती तिकडे तोंड करून. मग एका सकाळी तिनं चूळ भरली आणि लगेच आत आली.

त्या साली सीतादही नव्या वावरात केलं. नैवेद्य झाला. सवयीनं तिनं चिमूट उचलली, मूठ मिटली, आणि उभीच राहिली. कुठे जावं? धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचं सोयाबीन. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. बऱ्याच वेळानं तिनं तो भात स्वतःच खाल्ला.

आणि आता येऊन राहिली मी तुझ्या व्हिडिओवर.

म्याडम चष्मा घेऊन आली, त्यात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं खळं घातलेलं. नव्या शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव. काय सांगू बाई, असा तमाशा मी जन्मात पाहिला नाही. एक जण लावायच्या आधी चपला काढून, हात जोडून बसला. एका म्हाताऱ्यानं लावला न लावला तोच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, "अबे, घोडा आंगावर येऊन राह्यला!" आणि ती मळमळणारी आठवते? तिला समोर नदी दिसली, तर तिनं उभं राहून लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाऊल टाकलं. सगळा हॉल लोळला. मीही पाहिलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. दाट जंगल, स्वच्छ नदी, कुडाच्या झोपड्या, चुलीचा धूर, आणि खळ्यातले दगड ताजे मांडलेले, मधे गोट्यांचा ढीग. गळ्यात मणी घातलेल्या बाया. त्यांच्यातली एक तर डिट्टो आपल्या अध्यक्षीणबाईसारखी, कमरेवर हात.

तुझी आई सर्वांत शेवटी बसली. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. चष्मा बांधला आणि मान फिरवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोन्ही हातांनी गुडघे धरलेले.

"पळस कुठी हाये?"

म्याडम म्हणाली, "आजी, तेव्हा हा पळस नव्हता. आपण फार मागचं पाहतो आहोत ना. नंतरचं होतं ते सगळं आम्ही काढून टाकलं, विजेचे खांब, धुरे, झाडं."

"अन् त्याच्याखालचा दगड?"

"नदीतला तो? तो पण नंतरचाच, म्हणून काढला."

"बरं."

बरं म्हणाली, पण चष्मा काढला नाही. मान फिरतच राहिली. मागे कोणाला तरी हसू आलं, त्याला काय ठाऊक, आणि त्याच वेळी कोणीतरी मोबाइल धरला. तू पाहिलास तो तुकडा नेमका तेव्हाचा आहे. तुझी आई गेम खेळत नव्हती बाई, तुझ्या बहिणीला शोधत होती.

व्हिडिओ तिथे संपतो. पुढचं सांगते.

तिनं चष्मा काढला. केस विस्कटलेले. म्याडमनं विचारलं, चक्कर आली का? ती म्हणाली, नाही. पदर नीट केला. आणि साऱ्या गावासमोर, जी बाई लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं मीठ मागत नाही ती, म्हणाली, "माही पोरगी हाये तठी. त्या दगडाखाली."

मागच्या बाकावर माणसांत तुझे बाबा बसलेले होते. मी त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही, आमच्या नात्यात ते चालत नाही, पण त्या दिवशी पाहिलं. मला धास्ती पडली, घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून चिडतात की काय. ते उठले. घसा खाकरला. आणि तुझ्या आईला नाही, म्याडमला म्हणाले, "बोरीच्या काट्या व्हत्या त्याच्यावर. त्या बी काढल्या का तुमी?"

"काका, तुम्हाला माहीत होत्या काट्या?"

"मीच टाकत होतो ना. दर साली, पेरणीच्या आंधी."

तुझ्या आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी?"

"मंग कोन?"

एवढंच बोलले दोघं. इतकी वर्षं एका ताटातली भाकरी मोडली, एका दगडापाशी दोघं जात राहिले, ती वेचणीला आणि हे पेरणीला, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही.

म्याडमचे डोळे भरले होते, पण ती कामाची बाई. म्हणाली, "आजी, बसा. आम्ही दाखवताना काढतो, पण यंत्रानं जे टिपलं ते मूळ कधी पुसत नाही." कॉम्प्युटर उघडला, काय काय दाबलं, आणि पडद्यावर त्या दिवशीची पडीक आली. ठिपक्यांची, पण जशीच्या तशी. पळस, फुलांसकट. दगडांच्या भेगांत आमचा चुना. माझ्या मोराची पुसटशी शेपटी. पळसाच्या बुडाशी तो गुळगुळीत दगड, त्यावर काट्यांचं धूसर जाळं. आणि त्याच्याशेजारी बसलेली एक बाई.

"हे कोन हाये?"

"ह्या तुम्ही, आजी. हलणारी माणसं यंत्रात नुसती रेघ होऊन जातात. तुम्ही हलला नाहीत, म्हणून आलात."

तुझ्या आईची समोरची बाजूच होती, पाठीमागे काळं, पोकळ. यंत्राची रेघ जिथे पोचत नाही तिथे काहीच येत नाही म्हणे. तुझी आई पडद्याजवळ गेली, स्वतःला निरखून म्हणाली, "मले तं उठाले सांगत होते."

"बरं झालं नाही उठलात," म्याडम म्हणाली.

तेच तिनं चष्म्यात घालून दिलं. या वेळी तुझ्या आईची मान फिरली नाही. थोडी वाकली, आणि उजवा हात खाली नेऊन हवेतच हळूहळू फिरवत राहिली, पाळण्यातल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मग म्याडमनं विचारलं, "आजी, तुम्ही म्हणत असाल तर त्या जुन्या देखाव्यातही मी हा दगड ठेवते."

मला वाटलं, हो म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं. ती म्हणाली, "नका. ते त्याईचं हाये. त्याईच्यात माहं घुसडलं तं उद्या शिकणाऱ्या पोट्ट्याईले खोटंच खरं वाटीन. माहं हाये तठीच राहू द्या."

"मग या मूळ नोंदीत दगडाला काहीतरी नाव द्यावं लागेल. नुसता आकडा ठेवला तर पुढे माझ्यासारखीच कोणीतरी नंतरचा दगड म्हणून काढून टाकेल. काय लिहू? काय नाव होतं?"

"बारसं नव्हतं झालं."

तुझ्या आईनं पुन्हा मागे वळून पाहिलं. आणि तुझे बाबा, जे भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा दुसऱ्याकडून सांगून पाठवतात, ते तिथूनच म्हणाले, "आमची पोरगी, असं लिहा."

म्याडमनं लिहिलं. मी जवळ जाऊन एकेक अक्षर वाचून घेतलं, काना-मात्रा बरोबर आहेत का ते. तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं बोटानं ती अक्षरं झाकून पाहिली, काढून पाहिली.

चष्मा सध्या शाळेतच आहे. गुरुजी चांगले आहेत, शाळा सुटली की तिला अर्धा घंटा बसू देतात. तुझे बाबा काठी टेकत सोबत जातात. स्वतः लावत नाहीत, म्हणतात, मले गरगरते. शेजारच्या बाकावर बसतात, आणि थोड्या वेळानं हटकून विचारतात, "काट्या हायेत का?"

ती म्हणते, "हायेत."

मग दोघं उठतात. येताना दुकानातून तंबाखू घेतात, आणि रस्त्यानं बोलत येतात. बोलत! आपल्या गल्लीतल्या बाया दारात येऊन पाहतात. काय बोलतात ते मी विचारत नाही.

परवा मात्र तुझी आई वाटेतून माझ्याच घरी आली. चहा घेतला. म्हणाली, "लायने, तिले बी दाखवाचं हाये. तिची मोठी बहीण हाये ना ते. फोनवर कसं दाखवू?" आणि मग तो व्हिडिओचा विषय निघाला, तुझे पिवळे चेहरे निघाले, आणि हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती तुझ्यावर रुसलेली नाही. तिला वाटतं की तूच आता येणार नाहीस, कळलं तर तुला जड जाईल म्हणून. मी म्हटलं, माझी पुतणी तशी नाही, ती हसते लवकर आणि रडतेही लवकर.

तेव्हा ये बाई. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की म्याडम चष्मा दुसऱ्या गावाला नेणार आहे, तिथेही पाणी येऊन राहिलं. रजेचं मला सांगू नकोस, लग्नाला मिळते तशी याला पण मिळेल. रातच्या गाडीनं उमरखेडला उतर, तिथून आपल्या फाट्याची लाल गाडी सकाळी असते. फाट्यावर तुझे बाबा येऊन उभे राहतील, मी सांगते ना. काही आणू नको, मिठाई तर मुळीच नको, दोघांनाही साखर आहे. आईला फोन करशील तेव्हा हे विषय काढू नको, फक्त येते म्हण. तुम्ही दोघी शाळेत जाल तेव्हा मी भाकरी टाकून ठेवीन. लवकर येजो.